आगराची चौथी बाजू

आमच्या आगराला चार बाजू आहेत आणि त्यांतल्या तीनच आमच्या हातात आहेत. पूर्वेला रस्ता आणि रस्त्याला लागून घर. उत्तरेला आणि दक्षिणेला शेजाऱ्यांची आगरं. पश्चिमेला सुरूचं बन, मग पुळण, मग समुद्र. श्रीवर्धनपासून खाली दापोलीच्या किनाऱ्यापर्यंत कितीतरी गावं याच घडणीची आहेत. जमीन चिंचोळी आणि लांबच लांब, पुढे घर, मागे माड-पोफळी. पुढच्या दाराला आगळ, कडी, कोयंडा, वर कुलूप असा सगळा थाट असतो. मागे पुळणीकडे मात्र दोन खांबांत आडवे सरकवलेले बांबू, म्हणजे बेडं. ते गुरांसाठी असतं. माणसाने आत यायचं ठरवलं तर त्याला फक्त वाकावं लागतं.

गेल्या थंडीत कोणीतरी तसंच वाकून आत आलं. खळ्यात वाळत घातलेली रोठा सुपारी, विहिरीवरचा पंप आणि न्हाणीतला तांब्याचा बंब, एवढं गेलं. काकू माजघरात झोपली होती. पंपाचं आणि सुपारीचं तिने फारसं मनावर घेतलं नाही, पण बंबासाठी ती आठवडाभर हळहळत होती. सासूबाईंच्या वेळचा होता, आणि आता असला बंब पाहायचा तर हॉटेलांच्या दर्शनी भागातच, असं तिचं म्हणणं. पोलिसांत तक्रार दिली, पंचनामा झाला.

चोरी झाली की गावात सल्ल्यांचं पीक येतं. शेजारचे भाऊ म्हणाले, चिऱ्याची सात फुटी भिंत घाला आणि वर बाटल्यांच्या काचा लावा. दुसरे एकजण म्हणाले, कुत्रा पाळा. बोरिवलीच्या चुलतभावाने फोनवर एका वाक्यात विषय संपवला, "मागच्या तारेत करंट सोड, एकदा बसला की जन्मात फिरकायचा नाही."

असं बोलणारा माणूस दुष्ट नसतो. रानडुकरांसाठी लोक तारेत वीज सोडतात हे तो लहानपणापासून ऐकत आलेला असतो. त्या तारेला लागून माणूस गेल्याच्या बातम्याही तो वाचतो, पण तो माणूस आणि आपला चोर यांची त्याच्या डोक्यात गाठ पडत नाही. म्हणून मी त्याला एक खटला सांगितला. इथेही तो जरा सविस्तर सांगतो, कारण आमच्या आगरासाठी पुढे जे काही ठरलं ते त्यावरून ठरलं.

बिहारमधली गोष्ट, १९५९ सालची. एका घराच्या संडासाची भिंत पडली. आडोसा गेला, तेव्हा त्या घरातली माणसं शेजाऱ्याच्या संडासात जाऊ लागली. शेजाऱ्याने हरकत घेतली, तोंडी ताकीद दिली, कोणी जुमानलं नाही. मग त्याने संडासाच्या वाटेवर तांब्याची उघडी तार ताणली आणि तिच्यात वीज सोडली. तार जिवंत आहे अशी सूचना कुठे लावली नाही. जुलै महिन्यात शेजारघरची एक बाई त्या तारेला लागून मेली. चेरुबिन ग्रेगरी विरुद्ध बिहार राज्य या नावाने हा खटला सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला. आरोपीचं म्हणणं असं, की ती बाई परवानगीशिवाय आत आली होती आणि मी माझ्या मालमत्तेचं रक्षण करत होतो. १९६३मध्ये न्यायालयाने ते फेटाळलं. विनापरवाना आत शिरलेला माणूस काही कायद्याच्या छत्राबाहेर जात नाही, आणि जीव घेणारा सापळा लावून ठेवणं हे स्वसंरक्षण नव्हे, असा त्या निकालाचा आशय आहे. बेदरकार कृत्याने मृत्यू घडवल्याबद्दलची शिक्षा कायम झाली. त्या काळी भारतीय दंड संहितेच्या कलम ३०४-अ खाली दोन वर्षांपर्यंत कैद होती. १ जुलै २०२४पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत त्याच गुन्ह्याला कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत आहे, आणि प्रकरण गंभीर दिसलं तर सदोष मनुष्यवधाचं कलम १०५ लागू शकतं.

चुलतभाऊ म्हणाला, ती बिचारी संडासला गेली होती, चोर वेगळा. मला नेमकं तेच म्हणायचं होतं. तारेला काय कळतं?

इंग्लंडमध्येही याच प्रश्नावर एक जुना निकाल आहे, बर्ड विरुद्ध हॉलब्रुक, १८२८ सालचा. एका माणसाची भिंतीने वेढलेली ट्यूलिपची बाग होती. फुलं चोरीला गेली म्हणून त्याने आत बंदूक बसवली, दोरीला पाय लागला की उडणारी. एके दिवशी शेजारची लांडोर उडून बागेत गेली. तिला आणायला एकोणीस वर्षांचा पोरगा दिवसाढवळ्या भिंतीवर चढून आत उतरला आणि गोळी त्याच्या गुडघ्यात शिरली. न्यायालयाने बागमालकाला जबाबदार धरलं. तोवर, १८२७मध्ये, संसदेने अशा बंदुकांवर बंदीच घातली होती, राहत्या घरात रात्रीपुरती तेवढी सूट ठेवून. आमच्याकडे ट्यूलिप नाहीत. पण उत्तरेकडच्या वहिनींची कोंबडी रोज आमच्या आगरात अंडं घालते, आणि ते न्यायला त्यांचा धाकटा मुलगा गडगा, म्हणजे मधला दगडी बांध, ओलांडून येतो. एवढं सांगितल्यावर बोरिवलीकडून करंटचा विषय पुन्हा निघाला नाही.

सौर कुंपण ही यापेक्षा निराळी वस्तू आहे. गावात त्याला झटका मशीनच म्हणतात. बॅटरीवरचं यंत्र साधारण सेकंदाला एक, क्षणभराचा झटका देतं. तो जोरात बसतो पण माणूस तारेला चिकटून राहत नाही. नीट बनावटीचं यंत्र, दिसतील असे फलक आणि मुख्य वाहिनीशी काडीचा संबंध नाही, एवढं पाळलं तर डुकरांसाठी ते चांगलं. आमच्या मागच्या बाजूला मात्र मी तेही नको म्हटलं. पुळणीवरून मुलं येतात. शिवाय खाऱ्या वाऱ्यात तार आणि तिची जोडणी किती दिवस टिकेल, हाही प्रश्न होताच.

मग चोर आलाच तर करायचं काय, असं काकूने विचारलं. प्रश्न रास्त होता. मालमत्तेच्या रक्षणाचा हक्क आपल्याला आहेच, न्याय संहितेच्या कलम ३४ ते ४४ मध्ये तो लिहिलेला आहे. पण त्याला कुंपण आहे: पोलिसांची मदत घ्यायला वेळ असेल तर तो हक्क राहत नाही, आणि गरजेपेक्षा जास्त इजा कधीच करता येत नाही. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळेत कोणी घर फोडून आत शिरत असेल तर कायदा घरच्या माणसाला बरंच झुकतं माप देतो. मात्र त्यात घर म्हणजे घर. राहायची किंवा चीजवस्तू ठेवायची इमारत, तंबू, किंवा होडी. नुसता गडगा ओलांडून पोफळीत उभा राहिलेला माणूस त्यात बसत नाही. तो फौजदारी अतिक्रमण करतोय. त्याला तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड. भाऊंकडे शेतीसंरक्षणाच्या परवान्याची बंदूक आहे आणि बोलता बोलता त्यांची नजर तिकडे जाते, म्हणून हा फरक त्यांनाही समजावून सांगितला. चोरी करताना डोळ्यांसमोर सापडला तर सामान्य माणूसही त्याला पकडून ठेवू शकतो. पण सहा तासांच्या आत पोलिसांच्या हवाली करायचं, आणि मधल्या वेळात माडाला बांधून गावाने हात धुऊन घ्यायचे नाहीत. ते केलं की आरोपी बदलतो.

काकूने हे सगळं ऐकलं आणि म्हणाली, "म्हणजे दिवे लावायचे, ओरडायचं, आणि एकशेबाराला फोन करायचा. एवढंच ना? मग एवढं कशाला सांगत बसलास?"

त्यानंतर मी तिला विचारलं, मागून येतं तरी कोण कोण? ती मोजायला लागली. नारळ पाडायला येणारा गडी. तो पुढून कधीच येत नाही, त्याचं घर तिकडे आहे. अंड्यासाठी वहिनींचा पोरगा. वाळूतल्या क्रिकेटचा चेंडू शोधणारी पोरं. हर्णैच्या बंदरावरून मासळी घेऊन येणारी, तिला पुळणीवरून जवळ पडतं. मे महिन्यात पर्यटक. त्यातले काही फोटो काढायला येतात, काही आडोसा शोधायला, आणि काही आगर म्हणजे रिसॉर्टच समजतात. वानरं. रात्री कुत्र्याच्या मागावर बिबट्या. आणि मग, एवढ्या वर्षांत एकदा, चोर.

ही यादी ऐकल्यावर आमच्या सल्लागारांचा निम्मा शस्त्रसाठा बाद झाला. काचा वानरांना आणि पोरांना लागणार. कुंपणाच्या भोकात तारेची फासकी लावण्याची सूचनाही एकाने केली होती. डुकरासाठी लावलेल्या फासकीत बिबट्या अडकल्याच्या बातम्या रत्नागिरी-सिंधुदुर्गात नेहमीच्या आहेत, आणि बिबट्या १९७२च्या वन्यजीव कायद्यात पहिल्या अनुसूचीत आहे. चोर राहिला बाजूला, वनखातं दारात.

उत्तरेच्या गडग्यालगत एक पायवाट आहे, रस्त्यावरून थेट पुळणीवर जाणारी. जमीन आमची, वाट सगळ्यांची. चोरीनंतर तिच्यावर दार बसवून कुलूप घालावं असं घरातल्या तरुण मंडळींना वाटत होतं. कोकणात वहिवाटीवर हात टाकण्याआधी माणसाने वकिलाचा नंबर जवळ ठेवावा. १८८२च्या सुविधाधिकार कायद्याप्रमाणे वीस वर्षं उघडपणे, विनाअडथळा, हक्काने वापरलेली वाट सहजी बंद करता येत नाही. आणि १९०६च्या मामलतदार न्यायालय कायद्याखाली अडथळा आल्यापासून सहा महिन्यांत तहसीलदाराकडे दावा लावला की तो अडथळा काढण्याचा हुकूम होऊ शकतो. चोराला अडवायला म्हणून लावलेलं कुलूप, आणि त्यापायी सगळी वाडी आपल्या विरोधात साक्षीला. शिवाय त्या वाटेने दिवसभर येणारी-जाणारी माणसं हीच आमची पहिली राखण आहे. ती थांबवून आपण कोणाची सोय करणार होतो?

भाऊंच्या सात फुटी भिंतीबद्दल माझं मत स्पष्ट आहे. उंच, आंधळी भिंत चोर आत येईपर्यंत त्याच्या विरुद्ध असते आणि आत आल्यावर त्याच्या बाजूची होते. तिच्याआड तो निवांत सुपारी भरू शकतो, पुळणीवरून कोणालाच दिसत नाही. गिलावा नसलेल्या चिऱ्याला भोकं असतात, पायाचा अंगठा रुतायला तेवढी पुरतात. वाळूत पाया घ्यायचा खर्च वेगळाच. समुद्राच्या बाजूला सीआरझेड, म्हणजे किनाऱ्यावरच्या बांधकामांना बंधनं घालणारं नियमन क्षेत्र आहे. २०११च्या अधिसूचनेत ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरपर्यंत ना-विकास क्षेत्र होतं, २०१९मध्ये दाट वस्तीच्या गावांसाठी ते ५० मीटरवर आलं. आमचं बेडं त्या ५० मीटरांतही येतं, त्यामुळे पक्की भिंत म्हणजे आधी परवानग्यांचं दप्तर. आणि ३ जून २०२०ला निसर्ग वादळाने या पट्ट्यात भिंतींचं काय केलं ते सगळ्यांनी पाहिलं आहे. आमच्या दक्षिणेचा पक्का कठडा पोफळी अंगावर पडून झोपला. त्याच रांगेतली शेराची वई, म्हणजे झाडांचं जिवंत कुंपण, वाकली, मोडली, आणि पावसाळा संपेस्तोवर पुन्हा फुटली.

म्हणून वई. बांधकाम नाही, लागवड आहे, आणि काटे समोर दिसतात. बघणाऱ्याला कळतं की इथून गेलं तर फाटेल. अंधारात दडवलेला खिळा आणि उघड्यावर वाढलेला काटा यांत कायद्याच्या आणि माणुसकीच्या दृष्टीने मोठं अंतर आहे.

कोणती झाडं, यावर काकूशी बराच खल झाला. शेर सोपा. फांदी खोचली की लागतो, गुरं तोंड लावत नाहीत. पण त्याचा चीक डोळ्यात गेला तर डोळा जायची भीती, म्हणून पोरांच्या वाटेवर तो नको. करवंद उत्तम, पण सावकाश वाढतं. काकू म्हणाली, मी असेपर्यंत ते गुडघ्याएवढं होईल. घायपाताच्या पानाचं टोक सुईसारखं आणि नेमकं लहान मुलाच्या डोळ्याच्या उंचीला येतं. बाद. केवडा आमच्या मागे आधीपासून आहे, पानांच्या कडांना करवती दाते असतात आणि वाळूत तो सुखाने पसरतो. साप येतात म्हणून लोक तो काढतात, आम्ही ठेवला. चिल्हार भाऊंकडे आहे, त्यांच्या परवानगीने आमच्याकडे सरकवली. आणि खरा मान सागरगोट्याला. किनाऱ्यावर आपोआप येणारी ही वेल. देठांना, पानांच्या शिरांना, शेंगांनासुद्धा काटे, आणि देठापानांवरचे काटे मागे वळलेले. कापड एकदा अडकलं की पुढे जाता येत नाही, मागेही येता येत नाही, शांतपणे उभं राहून एकेक सोडवत बसावं लागतं. कोणी कायमचा जायबंदी होत नाही, पण घाईत असलेल्या माणसाला याहून वाईट झाड नाही. त्याच्या राखाडी बियांनी काकू लहानपणी खेळलेली आहे, त्यामुळे तो लावायला तिने लगेच होकार दिला. मृग लागताना बिया पेरल्या. कडक कवच घासून, रात्रभर भिजवून पेरल्या तर लवकर रुजतात.

बाकीची कामं किरकोळ होती, आणि खरं सांगायचं तर त्यांनीच जास्त फरक पडला असावा. माडाची शिडी वर्षानुवर्षं गोठ्याच्या भिंतीला टेकून उभी असायची. ती आता पडवीत आडवी, साखळीने बांधलेली. पहार, कोयती, आकडी विहिरीजवळ पडून असत. तीही आत. चोराला हत्यारं आपणच पुरवायची हा शिरस्ता मोडला. गोठ्याच्या कौलांवर वाकलेली फणसाची एक फांदी उतरवली. नवा पंप पिंजऱ्यात बोल्टने आवळला. खळ्यातली सुपारी रात्री आत येते, त्यावरून घरात रोज कुरकुर होते. आणि बेड्याच्या आतला पातेरा झाडणं बंद केलं. वाळलेल्या चुडतांवर आणि पानांवर पाऊल पडलं की मांजराचंसुद्धा ऐकू येतं. अर्थात पावसाळ्यात याचा उपयोग शून्य.

दिव्यांबाबत एक गोष्ट किनाऱ्यावरच्या लोकांनी ध्यानात ठेवावी. हालचालीवर पेटणारा दिवा चांगलाच, दचकवतो. पण तो समुद्राकडे तोंड करून लावू नये. वेळास-आंजर्ल्याच्या पुळणींवर ऑलिव्ह रिडली कासवं अंडी घालतात, आणि पिल्लं उजेडाच्या रोखाने चालतात. समुद्राऐवजी आपल्या न्हाणीकडे येतील. आम्ही दिवा खाली वाकवून, आगराच्या आत तोंड करून लावला. कॅमेराही लावला. त्याच्या स्क्रूंना लगेच गंज धरू लागला आहे, आणि वीज गेली की तो आंधळा. चुलतभाऊ तो बोरिवलीतून बघतो आणि वानर दिसलं की फोन करतो.

राखणीचा विषय निघाला की आमच्याकडे दिवेआगर निघतंच. १९९७च्या नोव्हेंबरमध्ये तिथल्या एका पोफळीच्या आगरात खणताना तांब्याची पेटी लागली आणि तिच्यात सोन्याचा गणपतीचा मुखवटा निघाला. कोणीतरी, कधीतरी, कशाच्या तरी भीतीने तो पुरला असणार. मातीखाली तो सुरक्षित राहिला, कारण तिथे काही आहे हेच कोणाला ठाऊक नव्हतं. मग तो देवळात गेला, यात्रा सुरू झाली, रखवालदार आले. २०१२च्या मार्चमध्ये दरोडा पडला, मुखवटा गेला आणि दोन रखवालदारांचे जीव गेले. काकू त्या दोघांबद्दल अजून बोलते. सोन्याबद्दल ती कधी बोललेली मला आठवत नाही. "बंब गेला तो गेला," असं त्यानंतरच ती पहिल्यांदा म्हणाली. "मी उठून गेले असते तर?"

तिचा स्वतःचा भरवसा निराळ्याच खात्यावर आहे. ती वेंगुर्ल्याकडची, आरवलीच्या वेतोबाची. वेतोबाला भाविक मोठाल्या चपला वाहतात. रात्री गावाची राखण करत फिरताना त्या झिजतात, अशी श्रद्धा आहे. आमचं आगर त्याच्या हद्दीत येत नाही, हे मी एकदा तिला म्हटलं होतं. तिने माझ्याकडे असं पाहिलं की पुढचं बोलणं मी गिळलं.

मात्र रात्री घर बंद करून कुठे जायचं असेल तर ती चावी देवापुढे ठेवत नाही, वहिनींकडे देते. त्या संध्याकाळी येऊन तुळशीपाशी दिवा लावतात, पडवीतला लाईट सुरू करतात, दोरीवर दोन कपडे टाकतात. वाडीतली निम्मी घरं गणपती, शिमगा आणि मे महिना सोडला तर कुलूपबंद असतात. चाकरमान्यांच्या त्या घरांना काय वई घालणार? तिथे पालापाचोळा साचतो, आणि तोच लांबून सांगतो की इथे कोणी नाही. आमच्या चोरीनंतर वहिनींनी आणि आणखी दोघींनी अशा चार घरांची अंगणं आळीपाळीने झाडायला घेतली आहेत. पैसे घेत नाहीत. मुंबईकर येताना खाऊ आणतात, तो पुरेसा नाही असं त्यांचं मत आहे आणि ते बरोबर आहे.

फलकाचा वाद अजून मिटलेला नाही. चुलतभावाला "सावधान, सीसीटीव्ही सुरू आहे" असं हवं. काकूला खाली आणखी एक ओळ हवी: "नारळ पाहिजे असल्यास पुढच्या दाराने यावे." तो म्हणतो, हसतील लोक. ती म्हणते, हसू देत, पुढच्या दाराने तरी येतील.

आणि पऱ्याचं तोंड मोकळंच आहे. दक्षिणेच्या कोपऱ्यातून पावसाचं पाणी जिथून पुळणीवर उतरतं तिथे कोणतीच वई तग धरत नाही. पहिल्या लोंढ्यात मुळांसकट जाते. भाऊ म्हणतात लोखंडी जाळी बसवा. जाळी बसवली की चुडतं आणि पातेरा तिच्यात अडकणार आणि पाणी मागे फिरून त्यांच्याच पोफळीत शिरणार, मग त्या पाण्यावरून आम्ही दोन घरं तहसीलदारापुढे. वरून बिजागरीवर लटकणारी, लोंढ्याबरोबर बाहेर उघडणारी आणि पाणी ओसरलं की मिटणारी फळी करता येईल का, असं एका सुताराला विचारून ठेवलं आहे. तो येऊन जागा बघून गेला, माप घेतलं नाही. खर्च निम्मा भाऊंनी द्यावा असं माझं म्हणणं आहे. ते म्हणतात, चोर तुमच्याकडे आला होता.